पंप थांबले म्हणजे खाण बंद झाली असं नव्हे

जून 2024 मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने केंद्राचा एक प्रस्ताव मान्य केला. कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे केजीएफ, इथल्या तेरा डंपमधली, म्हणजे खाणीतून काढून दळलेल्या खडकाच्या ढिगाऱ्यांमधली, माती लिलावाने द्यायची आणि तिच्यात उरलेलं सोनं काढू द्यायचं. एक हजार एकरांहून थोड्या अधिक जागेवर पसरलेली ही सुमारे 3.3 कोटी टन माती, आणि तिच्यात 23 टन सोनं असल्याचा अंदाज. तेव्हापासून वाद पेटला आहे. एक बाजू म्हणते, तोळ्याचा भाव लाखाच्या पार गेलेला असताना एवढं सोनं उघड्यावर पडू देणं हा करंटेपणा आहे. दुसरी म्हणते, हे सायनाइडचे डोंगर आहेत, हात लावाल तर अख्खा कोलार जिल्हा विषारी होईल. दोन्हीकडून तावातावाने बोललं जातं आणि दोघांनीही एक गोष्ट धरूनच ठेवलेली असते, की खाण 2001 साली बंद झाली आणि आता प्रश्न उरला तो फक्त वरच्या मातीचा. मला हे धरून चालणंच चूक वाटतं. केजीएफची खाण बंद केलेली नाही, ती सोडून दिलेली आहे. खाली चढणारं पाणी, वर उडणारी धूळ, पोकळ झालेली जमीन आणि कामगारांच्या छात्या, हे सगळं निस्तरायचं राहिलेलं काम आहे, आणि डंपमधल्या सोन्यावर पहिला हक्क त्या कामाचा आहे. तो हक्क लिलावाच्या अटींत लिहिला जाणार असेल तर माझा लिलावाला पाठिंबा आहे. नसेल तर विरोध आहे.

ही खाण केवढी होती याचा अंदाज आल्याशिवाय पुढचं बोलणं पोकळ होईल. जॉन टेलर आणि मंडळींची ब्रिटिश कंपनी 1880 साली इथे आली आणि पुढची सव्वाशे वर्षं माणसं खाली खाली जात राहिली. इथल्या चॅम्पियन रीफ या खाणीचा सर्वात खोल भाग जमिनीखाली 3.2 किलोमीटरवर. आपल्या कळसूबाईची उंची 1,646 मीटर. एक कळसूबाई दुसरीवर रचली आणि ती जोडी उलटी जमिनीत घातली तर जवळपास या खाणीचा तळ लागेल. तिथे खडकाचं तापमान 60 अंशांच्या पुढे होतं. बोगद्यांची एकूण लांबी हजार किलोमीटरहून जास्त. 1902 साली कावेरीवरच्या शिवनसमुद्र प्रकल्पातून 147 किलोमीटर तारा ओढून खास या खाणींसाठी वीज आणली गेली, बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागण्याआधी. 1956 साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, 1962 साली केंद्राने, आणि 1972 पासून भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी त्या चालवू लागली. एवढ्या साऱ्या खटाटोपातून सव्वाशे वर्षांत निघालं ते सुमारे 800 टन सोनं. आज आपला देश एका वर्षात जेवढं सोनं आयात करतो, साधारण तेवढंच.

आणि मग 28 फेब्रुवारी 2001 रोजी काम थांबलं. थांबलं म्हणजे नेमकं काय झालं? पाळीचे भोंगे थांबले, केज, म्हणजे माणसांना खाली नेणारा पाळणा, वर आली ती पुन्हा खाली गेली नाही, आणि जमिनीच्या पोटातून पाणी उपसणारे पंप बंद झाले. खोल खाण जिवंत असते तेव्हा ती एका अर्थी सतत उपसली जाणारी विहीर असते. उपसा थांबला की आजूबाजूच्या खडकातलं पाणी तिच्यात उतरायला लागतं आणि मजल्यामागून मजला बुडत जातो. अशी खाण रीतसर बंद करायची तर शाफ्टची, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या विवरांची, तोंडं पक्की झाकावी लागतात, पाणी कुठवर चढलं ते वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं, डंपच्या बाजूंचा उतार नीट करून त्यावर माती आणि गवत धरावं लागतं, पावसाचं पाणी अडवायला चर आणि तळी खणावी लागतात, आणि या सगळ्याला पुरेल एवढा पैसा आधीच बाजूला ठेवावा लागतो. भारतात खाण बंद करण्याचा आराखडा सक्तीचा झाला तो एप्रिल 2003 मध्ये. केजीएफ दोन वर्षं आधी थांबली. देशातली सर्वात खोल सोन्याची खाण कायद्याच्या दारातून दोन वर्षांच्या फरकाने निसटली. त्या कायद्यातही पहिल्यांदा ठरलेली हमीची रक्कम मोठ्या खाणींना हेक्टरी 25 हजार रुपये होती. एवढ्यात साधं कुंपणही होत नाही, पण निदान तत्त्व मान्य झालं होतं. केजीएफच्या वाट्याला ते तत्त्वही आलं नाही.

मी दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तिथे गेलो होतो. बेंगळुरूहून बंगारपेट आणि तिथून मारिकुप्पमचा फाटा. समोरून येणाऱ्या गाडीला दारापर्यंत माणसं लोंबकळत होती. खाण थांबल्यापासून हे गाव रोज पहाटे उठून बेंगळुरूला कामाला जातं आणि रात्री झोपायला परत येतं. स्टेशनं येतात ती कोरोमंडल, उरगाव, चॅम्पियन अशा नावांची, आणि खिडकीतून सपाट माथ्याचे राखाडी-पिवळे डोंगर दिसायला लागतात. आपल्या सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्याला ते लांबून पठारच वाटतात. जवळ गेल्यावर कळतं की इथे एक दगड नाही. मैद्यासारखी बारीक भुकटी. वरचा पापुद्रा पावलाखाली कुरकुरत फुटतो आणि खालची माती घोट्यापर्यंत घेते. पावसाने बाजूंना पुरुषभर खोल घळी पाडलेल्या, आणि घळीच्या तळाला वाळलेल्या ओघळांवर पांढरट, पिवळसर क्षार. त्या दिवशी पश्चिमेचा वारा होता. डंपच्या माथ्यावरून धुळीचा पदर उठायचा आणि खालच्या लाइनीवर, म्हणजे कामगारांच्या एकेका खोलीच्या रांगांवर, हळूहळू बसायचा. एका घरात पाण्याच्या घागरींच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं होतं. घरातल्या आजींनी ते माझ्यासमोर सोडलं, पिळलं, आणि बादलीत राखाडी पाणी उतरलं. दिवसातून तीनदा हे करावं लागतं, असं त्यांची नात हिंदीत सांगत होती. आजींचे यजमान बाहेर नळावर होते. नळापासून उंबऱ्यापर्यंत वीस-बावीस पावलं असतील. तेवढ्यात ते दोनदा थांबले, भिंतीला हात लावून.

आता विरोधी बाजूचे सर्वात जड मुद्दे घेतो. पहिला मुद्दा सायनाइडचा, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी असहमत व्हावं लागतं. पर्यावरणाची बाजू घेणारी मंडळी ‘सायनाइडचे डोंगर’ हा शब्द एखाद्या हत्यारासारखा वापरतात. रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने नाही. दळलेल्या खडकातून सोनं विरघळवून काढण्यासाठी सायनाइडचं पाणी वापरलं जात होतं हे खरं; पण सायनाइड ऊन आणि हवा लागली की तुटत जातं. जी माती वीस, पन्नास, शंभर वर्षं उघड्यावर आहे तिच्यात त्याची भीती बाळगण्याइतकं प्रमाण राहण्याची शक्यता कमी. उद्या कुणी कंपनी प्रयोगशाळेचा अहवाल आणून ‘सायनाइड नगण्य’ असं दाखवेल, आणि ज्या चळवळीने सगळी मदार त्या एका शब्दावर ठेवली तिच्याकडे पुढे बोलायला काहीच उरणार नाही. चुकीच्या भीतीवर लढाई उभारली की खरी भीती बिनवारशी राहते.

खरी भीती कोणती? एक, ही धूळ गारगोटीची आहे. गारगोटीची बारीक पूड फुप्फुसात जाऊन बसली की फुप्फुस आतून दगडासारखं घट्ट होत जातं. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर औषध नाही. आपल्या देशात या आजाराची नोंद पहिल्यांदा झाली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींतच, 1947 साली. 1940च्या दशकात तपासलेल्या 7,653 कामगारांपैकी जवळपास 44 टक्क्यांना तो होता. ती माणसं खाली काम करत होती, धूळ त्यांच्या तोंडावर उडत होती. वर राहणाऱ्यांच्या श्वासात तेवढी धूळ जात नाही हे मान्य. पण किती जाते? हे सतत, घराघराच्या पातळीवर मोजायला नको का? दुसरी भीती जड धातू आणि आम्लाची. सोन्याच्या शिरांबरोबर बहुधा गंधक आणि आर्सेनिक असलेली खनिजं असतात. खडकात गाडलेली असतात तोवर ती निपचित असतात. दळून पीठ केलं, हवा आणि पाऊस लागला, की गंधकाचं आम्ल होतं आणि ते आम्ल मातीतले धातू विरघळवून वाहून नेतं. सायनाइड काळाबरोबर कमी होतं, ही प्रक्रिया मात्र दशकानुदशकं चालू राहू शकते. कोलार हा बारमाही नदी नसलेला, बोअरच्या पाण्यावर जगणारा जिल्हा. पालार इथून पुढे तामिळनाडूत जाते, पण वर्षातला बहुतेक काळ ती वाळूच असते. अशा ठिकाणी जमिनीखालचं पाणी बिघडलं तर दुसरीकडून आणायचं कुठून?

तिसरी भीती पायाखालची आहे, आणि वादात तिचं नावही येत नाही. केजीएफ खाण चालू असतानाच तिथे खडक फुटण्याचे प्रकार कुप्रसिद्ध होते. एवढ्या खोलवर खडकावर वरच्या वजनाचा प्रचंड ताण असतो. पोकळी केली की तो ताण कधीतरी स्फोटासारखा मोकळा होतो, कामगार चिरडले जातात आणि वरच्या घरांच्या भिंतींना तडे जातात. याच अभ्यासासाठी 1988 साली केजीएफमध्ये राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था उभी राहिली. 2001 नंतर पोकळ्यांत पाणी भरायला लागलं आणि पाण्याच्या दाबाने हे हादरे पुन्हा नोंदले गेले. म्हणजे सगळी माणसं वर आल्यावरही खाण हलतच होती. आणि ती पूर्ण रिकामीही कधी झाली नाही. भंगाराच्या लोखंडासाठी, थोड्याशा सोन्यासाठी जुन्या शाफ्टमध्ये उतरलेली माणसं आत गुदमरून मेली आहेत. ज्या खाणीचं तोंड उघडं आहे आणि जिच्यात माणसं अजून मरतात, तिला बंद खाण कसं म्हणायचं?

यावर समोरून उत्तर येतं, आणि ते वजनदार उत्तर आहे. पंप चालू ठेवणं परवडणारं नव्हतं. कंपनी वर्षानुवर्षं तोट्यात होती, सोन्याचा भाव पडलेला होता, खोल जाण्याचा खर्च वाढत होता. बंद पडलेल्या खाणीतलं पाणी कायम उपसत राहा, अशी मागणी कुठलंही शहाणं सरकार मान्य करणार नाही. मला हे पटतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच खाणीत, 2.3 किलोमीटर खोलीवर, जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर 1965 साली वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो, म्हणजे सहजी हाती न लागणारे अतिसूक्ष्म कण, टिपले. जगातल्या पहिल्या अशा नोंदींपैकी ती एक. ज्या खोलीत हे काम झालं तीही पाण्याखाली गेली. विज्ञानाची एवढी अनमोल जागा राखण्यासाठीसुद्धा पंप चालवणं जमलं नाही, तर धुळीसाठी कोण चालवणार? पण पंप चालू ठेवा असं मी म्हणतच नाही. पाणी चढणार असेल तर चढू द्या, पण ते कुठवर आलंय, कसलं आहे, कुठे बाहेर पडणार आहे, हे मोजा आणि दर महिन्याला गावात फळ्यावर लावा. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या पश्चिमेला बंद खाणींमध्ये भरत गेलेलं आम्लयुक्त पाणी 2002 साली जमिनीवर वाहू लागलं. तोवर तिथेही सगळे म्हणत होते की खाणी केव्हाच बंद झाल्या.

जोहान्सबर्गचं नाव निघालं आहे तर तिथलंच दुसरं उदाहरण, माझ्या विरोधकांच्या हातातलं सर्वात चांगलं. त्या शहराच्या कडेला अशाच पिवळ्या डंपच्या रांगा होत्या. त्यातले कित्येक गेल्या काही दशकांत पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी फोडून, गाळ नळांतून वाहून नेऊन, पुन्हा सोनं काढून, लांबच्या मोठ्या तळ्यांत साठवले गेले. शहराच्या कुशीतला डोंगर गेला, जागा मोकळी झाली, कामं मिळाली, सोनंही मिळालं. मग केजीएफमध्ये हेच का नको? ज्यांना आत्ता तिथे धूळ खावी लागते त्यांच्यासाठी डंप हलणं ही चांगली गोष्ट नाही का? आहे. म्हणूनच लिलावाला हात जोडून नको म्हणणाऱ्यांत मी नाही. डंप जागच्या जागी ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे. वारा आणि पाऊस तो रोज थोडाथोडा हलवतच असतो, फक्त त्याची पावती कुणी फाडत नाही.

पण दुसरं एक उदाहरण लिलावाचे समर्थक कधी सांगत नाहीत. रुमानियात बाया मारे नावाचं जुनं खाणगाव आहे. तिथेही जुन्या डंपमधून उरलेलं सोनं काढायचा कारखाना निघाला. ऑस्ट्रेलियन कंपनी आणि रुमानियाचं सरकार भागीदार. गावाजवळचे जुने ढिगारे हलतील, धूळ कमी होईल, सोनं मिळेल, असं तेव्हाही सांगितलं गेलं. 30 जानेवारी 2000 च्या रात्री बर्फ आणि पावसाने भरलेल्या तळ्याचा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी नदीत गेलं. तिथून तिसा नदीमध्ये, तिसामधून डॅन्यूबमध्ये. हंगेरीत नदीच्या पृष्ठभागावर मेलेल्या माशांचा थर तरंगत होता. म्हणजे जुन्या डंपमध्ये जे सायनाइड संपलेलं असतं, ते सोनं काढायला निघालं की ताजं होऊन परत येतं. जुनी माती पुन्हा भिजवावी लागते, पुन्हा दळावी लागते, पुन्हा सायनाइडच्या पाण्यातून काढावी लागते. सफाईचं काम म्हणून सुरू झालेला प्रकल्प युरोपातल्या सर्वात भयंकर नदी-अपघातांपैकी एक ठरला. फरक कुठे पडतो? बांधाच्या उंचीत, देखरेखीत, आणि अपघात झाला तर पैसा कुणाचा जाणार, या अटीत.

आणि गणित तरी एकदा मांडू. 3.3 कोटी टनांत 23 टन, म्हणजे टनामागे जेमतेम 0.7 ग्रॅम. दहा ग्रॅमच्या एका वळ्यासाठी चौदा टन माती उकरायची, दळायची आणि धुवायची. दहा चाकांचा एक भरलेला ट्रक. सगळं सोनं निघालं असं धरलं, आणि ते कधीच सगळं निघत नाही, तरी देशाच्या आयातीच्या दहा-बारा दिवसांची भर पडेल. तोळ्याला, म्हणजे दहा ग्रॅमला, लाख धरले तर 23 हजार कोटींच्या आसपास रक्कम होते. लहान रक्कम नाही, आणि तिच्यामुळेच सगळे जागे झाले आहेत. पण सोनं काढून घेतल्यावर माती किती उरेल? 3.3 कोटी टनच. त्यातून फक्त 23 टन कमी झालेले असतील. ती माती दुसरीकडे नेऊन ठेवायची आहे, आणि ती जिथे ठेवली जाईल तिथला वारा आणि तिथलं पाणी आणखी शंभर वर्षं तिची काळजी करत बसणार आहे. ही काळजी कुणाची, हे ठरवल्याशिवाय 23 हजार कोटींचा आकडा उच्चारणं म्हणजे घराची किंमत सांगून त्यावरचं कर्ज लपवण्यासारखं आहे.

इथे मला कॅनडातल्या यलोनाइफची आठवण येते. तिथली जायंट नावाची सोन्याची खाण 1948 ते 2004 चालली आणि सुमारे 220 टन सोनं देऊन गेली. त्या खडकातलं आर्सेनिक भट्टीत जळून पांढरी भुकटी व्हायचं. सुरुवातीच्या वर्षांत ती सरळ हवेत सोडली जायची आणि बर्फावर बसायची. 1951 साली स्थानिक आदिवासी वस्तीतलं दोन वर्षांचं मूल ते बर्फ खाऊन मेलं, आणि कंपनीने घरच्यांना 750 डॉलर दिले. पुढे ती भुकटी खाणीतल्याच पोकळ्यांत साठवायला लागले. आज 2.37 लाख टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड तिथे जमिनीखाली आहे आणि ते पाण्यात मिसळू नये म्हणून भोवतालची जमीन कायमची गोठवून ठेवायचं काम चालू आहे. मालक कंपनी 1999 मध्ये दिवाळखोर झाली. खर्चाचा 2022 चा अंदाज 438 कोटी कॅनडियन डॉलर, आणि तो सगळा जनतेच्या पैशातून. यलोनाइफचे लोक निदान एवढं तरी सांगू शकतात की मालक पळाला. केजीएफचा मालक कुठे पळाला? 1956 पासून खाण सरकारची आहे. बारा हजार एकरांच्या आसपास जमीन अजून त्याच सरकारी कंपनीच्या नावावर आहे. प्रदूषण करणारा सापडत नाही, जुन्या ब्रिटिश कंपनीला आता कुठून धरून आणायचं, हा युक्तिवाद इथे लागूच होत नाही. पंचेचाळीस वर्षं ज्याने खाण चालवली तो मालक हजर आहे, त्याच्याकडे जमीन आहे, आणि आता तो डंप विकायला निघाला आहे.

बंद पडलेल्या उद्योगाच्या पोटातून नवी किंमत वर येते तेव्हा काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं शिकवायला नको. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. 1991 च्या नियमावलीत त्या जमिनीचे तीन वाटे ठरले: काही मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, काही घरांसाठी म्हाडाला, बाकी मालकाला. 2001 साली, केजीएफ थांबली त्याच वर्षी, नियम बदलला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त रिकाम्या जागेची झाली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. एका शब्दाच्या फरकाने शहराच्या हातून शेकडो एकर निसटले. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला विचारा, लिलावाच्या कागदातला एक शब्द म्हणजे काय असतं.

याच्या उलट गोव्याचं उदाहरण आहे, आणि मला ते जास्त आशेचं वाटतं. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत लोहखनिजाच्या डंपची लाल माती दर पावसाळ्यात शेतात आणि नाल्यात उतरत होती. 2014 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणबंदीच्या खटल्यात निकाल देताना सांगितलं की खनिज विकून येणाऱ्या पैशातला 10 टक्के वाटा एका कायम निधीत जावा, पुढच्या पिढ्यांसाठी. खनिज एकदाच निघतं, म्हणून त्याचा पैसा एकाच पिढीने खर्चून टाकायचा नसतो, हा विचार त्यामागे होता. मग केजीएफच्या डंपला तोच न्याय का लावू नये? तिथे तर खनिज दुसऱ्यांदा निघणार आहे. पहिल्या वेळी निघालेल्या 800 टनांतून कायम निधीत एक गुंजही गेली नाही. जिल्हा खनिज निधीची सोय 2015 च्या दुरुस्तीने आली आणि चालू खाणींच्या भागांना तिचा आधार मिळतो. 2001 साली थांबलेल्या खाणीकडून त्या निधीत एक रुपयाही येणं शक्य नव्हतं. आता लिलाव झाला तर येईल, पण नव्या लिलावातल्या खाणीला तो रॉयल्टीच्या 10 टक्केच भरावा लागतो, आणि शंभर वर्षांच्या धुळीपुढे ही रक्कम फारच तोकडी आहे.

मग अटी कोणत्या? मला चार दिसतात आणि त्यातली पहिली बाकी तिन्हींवर भारी आहे. सोन्याच्या विक्रीतला ठरावीक हिस्सा, किमान गोव्याइतका, विक्रीच्या वेळीच एका वेगळ्या निधीत जमा व्हावा आणि त्या निधीला ना केंद्राने हात लावावा ना राज्याने. त्यातून बुडालेल्या खाणीचं पाणी मोजणं, शाफ्टची तोंडं पक्की बंद करणं, आणि जुन्या कामगारांची व लाइनीत राहणाऱ्यांची छाती दरवर्षी तपासणं, ही कामं व्हावीत, डंप हलो अथवा न हलो. दुसरी अट नव्या तळ्याच्या जागेची: बांध कुठे होणार, त्याच्या खाली कुठली गावं आणि कुठली तळी येतात, हे लिलावाआधी जाहीर झालं पाहिजे, नंतर नाही. तिसरी, काम अर्ध्यावर सोडून कंपनी गेली तर उरलेला डंप झाकून देण्याइतकी रक्कम पहिल्या दिवशी बँकेत असली पाहिजे. आणि चौथी, धूळ. माती उकरण्याच्या काळात ती आत्तापेक्षा जास्तच उडणार आहे, त्यामुळे मोजमापाची यंत्रं डंपवर नकोत, लाइनीतल्या घरांच्या ओसरीवर हवीत.

या अटी घातल्या तर कुणी बोली लावायलाच येणार नाही, असं मला सांगण्यात आलं. शक्य आहे. पण मग त्याचा सरळ अर्थ असा होतो की साफसफाईचा खरा खर्च धरला तर त्या मातीत नफा नाही, आणि आज जो नफा दिसतो तो त्या आजींच्या घागरीवरच्या फडक्यातून येतो आहे. तसं असेल तर सोनं राहू द्यावं आणि डंप माती-गवताने झाकायचा खर्च मालकाने, म्हणजे केंद्राने, आपल्या खिशातून करावा. देशातल्या खाणी नीट बंद होतात की नाही हे पाहणारं भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. आराखडे तपासणारे, शेरे लिहिणारे, मंजुरी देणारे कितीतरी अधिकारी मराठी घरांतून गेलेले आहेत. केजीएफसाठी तसा आराखडा अजूनही मागता येतो. 2003 चा नियम मागे जाऊन लागू होत नसला तरी नव्या लिलावाच्या अटींत तो घालायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. त्यासाठी लिलावाच्या मसुद्यात एक परिच्छेद वाढवावा लागेल, आणि तो परिच्छेद बोली उघडण्याच्या आधी लिहिला गेला पाहिजे.